पोस्टग्रेसची डिस्क रिकामी केली तरी महिन्याभरात पुन्हा भरते: कारण कसं शोधायचं, काय करायचं

पोस्टग्रेस (पोस्टग्रेसक्यूएल) हा डेटाबेस वापरणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा अशी येते. डिस्क ९० टक्क्यांच्या वर गेली म्हणून रात्री अ‍ॅप्लिकेशन थांबवून सगळ्यात मोठ्या टेबलवर व्हॅक्यूम फुल चालवला. टेबल निम्म्याहून लहान झालं, डिस्कचा आलेख खाली आला. चार-सहा आठवडे जातात आणि आलेख परत तिथेच येऊन टेकतो. मग पुन्हा डाउनटाइम, पुन्हा व्हॅक्यूम फुल. काही ठिकाणी तर याची पाळीच ठरलेली असते, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी.

व्हॅक्यूम फुल फुगलेलं टेबल आकसवतो. ते कशामुळे फुगलं, त्याला तो हात लावत नाही. म्हणून खालच्या क्रमात आकसवण्याचं काम मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. मजकूर पोस्टग्रेसक्यूएल १२ आणि पुढच्या आवृत्त्यांसाठी आहे. आवृत्तीनुसार फरक पडतो तिथे तसं नमूद केलं आहे.

पोस्टग्रेसमध्ये अपडेट केलं की रोची (टेबलमधल्या एका नोंदीची) नवी प्रत लिहिली जाते आणि जुनी तशीच पेजमध्ये (टेबलच्या फाइलमधल्या ८ केबीच्या तुकड्यात) पडून राहते. डिलीट केलं तरी रो फक्त ‘मेलेली’ म्हणून खुणावली जाते. एखादं जुनं ट्रान्झॅक्शन (एकत्र कमिट होणारा क्वेऱ्यांचा गट) अजून ती प्रत वाचत असू शकतं, म्हणून ही सोय. नंतर साधा व्हॅक्यूम येतो (हाताने चालवलेला, किंवा आपोआप चालणारा ऑटोव्हॅक्यूम) आणि या मेलेल्या प्रतींची, म्हणजे डेड टपलची, जागा नव्या रोंसाठी मोकळी करतो. ती जागा टेबलच्याच फाइलमध्ये राहते, ऑपरेटिंग सिस्टिमला परत जात नाही. अपवाद एकच: टेबलच्या अगदी शेवटची पेजेस पूर्ण रिकामी असतील आणि क्षणभर पूर्ण लॉक मिळाला, तर तेवढं शेपूट कापलं जातं. त्यामुळे ‘व्हॅक्यूम चालला पण डिस्क कमी झाली नाही’ ही तक्रार मुळात बिघाड नाही. व्हॅक्यूम झाल्यावरही फाइल वाढतच जात असेल, तर तो बिघाड.

आधी नक्की काय फुगलंय ते बघा

मोठं टेबल दिसलं की त्यालाच दोषी धरायची घाई होते. डेटा डिरेक्टरीत आधी फोल्डरनिहाय आकार काढा: बेस (टेबलं आणि इंडेक्स), पीजी_वॉल (वॉल, म्हणजे प्रत्येक बदलाची आधी लिहिली जाणारी नोंद), लॉग आणि बेसच्या आतलं पीजीएसक्यूएल_टीएमपी (क्वेऱ्यांच्या तात्पुरत्या फाइली).

पीजी_वॉल मोठं असेल तर टेबलांचा संबंध जवळजवळ नाही. मॅक्स_वॉल_साइझ मूळ १ जीबी असतं, पण ती सक्तीची मर्यादा नाही. लिखाण जोरात असलं की ती ओलांडली जाते. दहापट-वीसपट ओलांडली असेल तर दोनच नेहमीचे संशयित: बंद पडलेला रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिका, म्हणजे प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरने अजून न वाचलेलं वॉल राखून ठेवणारी नोंद) किंवा अयशस्वी होणारी आर्काइव्ह कमांड (वॉल दुसरीकडे साठवणारी). पहिल्यासाठी पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्समध्ये ॲक्टिव्ह हा कॉलम फॉल्स असलेले स्लॉट आणि त्यांचा रीस्टार्ट_एलएसएन (वॉल कुठपासून राखलं आहे ती जागा) बघा. दुसऱ्यासाठी पीजी_स्टॅट_आर्काइव्हरमध्ये फेल्ड_काउंट वाढतोय का ते बघा.

पीजीएसक्यूएल_टीएमपी मोठं असेल तर कुठली तरी क्वेरी सॉर्ट किंवा हॅश डिस्कवर सांडते आहे. लॉग_टेंप_फाइल्स चालू करा, दोषी क्वेरी लॉगमध्ये येईल. टेंप_फाइल_लिमिट घातलं की एकच बेफाम रिपोर्ट सगळी डिस्क खाऊ शकत नाही.

डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी) आणि डीयू (फाइलींच्या आकारांची बेरीज देणारी) या कमांडचे आकडे जुळत नसतील तर कुणीतरी फाइल पुसली आहे, पण एखाद्या प्रोसेसने ती उघडी धरून ठेवली आहे. एलएसओएफ कमांड +एल१ या पर्यायासह चालवा, अशा फाइलींची यादी मिळते. ती प्रोसेस संपली की जागा सुटते.

बेस फोल्डरच मोठा असेल तर पुढे चला. पीजी_रिलेशन_साइझ फक्त मुख्य टेबलचा आकार देतं, पीजी_इंडेक्सेस_साइझ इंडेक्सांचा, आणि पीजी_टोटल_रिलेशन_साइझ टोस्टसकट (मोठे मजकूर वेगळे ठेवणारं जोड-टेबल) सगळ्याचा. तिन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा. बऱ्याचदा टेबल ४० जीबीचं आणि त्याचे इंडेक्स ११० जीबीचे निघतात. तिथे टेबलवर घेतलेली मेहनत फुकट जाते.

किती जागा खरोखर वाया आहे ते पीजीस्टॅटटपल हे एक्स्टेंशन सांगतं. डेड_टपल_पर्सेंट आणि फ्री_पर्सेंट हे त्यातले दोन आकडे महत्त्वाचे. ते पूर्ण टेबल वाचतं, त्यामुळे मोठ्या टेबलवर दिवसा पीजीस्टॅटटपल_अ‍ॅप्रॉक्स वापरा. व्हिजिबिलिटी मॅपच्या (कोणत्या पेजमध्ये मेलेल्या रो नाहीत याची नोंद) आधारे ते बरीचशी पेजेस वगळतं. इंडेक्ससाठी पीजीस्टॅटइंडेक्स, त्यात अ‍ॅव्हरेज लीफ डेन्सिटी (इंडेक्सची पेजेस किती टक्के भरलेली आहेत) बघायची. बी-ट्री इंडेक्स नवा असताना ती ९० च्या आसपास असते. ३०-४० वर आली असेल तर इंडेक्स फुगलाय.

फ्री_पर्सेंट १०-२० असणं हे सतत अपडेट होणाऱ्या टेबलसाठी निरोगी आहे. ती मोकळी जागा उद्याच्या अपडेटला लागणारच आहे. शून्य करायच्या मागे लागू नका.

आत्ता, या क्षणी डिस्क भरली असेल तर

पीजी_वॉलमधल्या फाइली हाताने पुसू नका. ‘जुन्या लॉग फाइली दिसतायत, उडवतो’ म्हणून त्या पुसल्या की सर्व्हर पुन्हा उठेलच याची खात्री राहत नाही, आणि बॅकअप ताजा नसेल तर डेटा जातो. डेटाची डिस्क भरली तर नुसत्या क्वेऱ्या एरर देतात. वॉलची डिस्क भरली तर सर्व्हर पॅनिक होऊन बंद पडू शकतो. त्यामुळे वॉलकडे आधी लक्ष द्या.

जागा पटकन मिळते ती इथून: सर्व्हरचे जुने टेक्स्ट लॉग, डेटाबेसच्या डिस्कवर कुणी ठेवून दिलेले डंप, आणि ज्याचा रेप्लिका कायमचा गेला आहे असा स्लॉट. स्लॉट पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉटने काढला की पुढच्या चेकपॉइंटला (साठलेले बदल डेटा फाइलींत लिहिले जातात तेव्हा) वॉल मोकळं होतं. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम मूळ सेटिंगमध्ये ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. डेटासाठीच्या वेगळ्या डिस्कवर ट्यून२एफएसच्या -एम पर्यायाने ती १ टक्क्यावर आणली, तर १ टीबीच्या डिस्कवर साधारण ४० जीबी जागा सर्व्हर चालू असतानाच मिळते.

व्हॅक्यूम फुल या वेळी अजिबात चालवू नका. तो टेबलची नवी प्रत पूर्ण लिहून मगच जुनी पुसतो, म्हणजे तेवढी जागा आधी मोकळी लागते. मध्येच जागा संपून सर्व्हर कोसळला तर अर्धवट लिहिलेल्या फाइली बेसमध्ये बेवारस पडून राहतात आणि त्या पुढे आपोआप साफ होत नाहीत.

व्हॅक्यूमला कोण अडवतंय

वारंवार फुगणाऱ्या टेबलांमागे सगळ्यात जास्त वेळा हेच कारण निघतं, आणि सगळ्यात कमी वेळा हेच तपासलं जातं. ऑटोव्हॅक्यूम चालतो, पूर्ण होतो, लास्ट_ऑटोव्हॅक्यूममध्ये ताजी वेळही दिसते. तरी एन_डेड_टप (डेड टपलची मोजणी) खाली येत नाही. कारण सर्वांत जुन्या चालू ट्रान्झॅक्शनला दिसू शकेल अशी कुठलीही प्रत व्हॅक्यूम काढूच शकत नाही, मग त्या ट्रान्झॅक्शनने या टेबलला हात लावलेला असो वा नसो.

संशयित टेबलवर व्हॅक्यूम व्हर्बोस पर्यायासह चालवा. साधा व्हॅक्यूम आहे, वाचन-लेखन थांबत नाही. निकालात टपल्सची ओळ शोधा (ही मांडणी आवृत्ती १५ पासूनची, त्याआधी शब्द वेगळे आहेत): किती काढले, किती उरले, आणि शेवटी ‘आर डेड बट नॉट येट रिमूव्हेबल’ किती. हा शेवटचा आकडा लाखांत असेल, तर ऑटोव्हॅक्यूमची कुठलीही सेटिंग बदलून उपयोग नाही. तोच निरर्थक फेरा तो जास्त वेळा आणि जास्त वेगाने मारेल, सीपीयू आणि आयओ मात्र जळेल. पुढच्याच ओळीत रिमूव्हल कटऑफ (व्हॅक्यूम कुठपर्यंत साफ करू शकतो ती सीमा) आणि ते किती ट्रान्झॅक्शन जुनं आहे ते दिलेलं असतं.

आकडा किती मोठा होतो बघा. सेकंदाला १,००० अपडेट आणि २०० बाइटची रो धरा. एखादं ट्रान्झॅक्शन ८ तास उघडं राहिलं तर २ कोटी ८८ लाख जुन्या प्रती साचतात, म्हणजे नुसत्या टेबलमध्ये पावणेसहा जीबी. इंडेक्स वेगळे. ते ट्रान्झॅक्शन संपल्यावर जागा टेबलच्या आत मोकळी होते, फाइल मात्र तेवढीच राहते. आठवड्यातून एकदा असं झालं तरी पुरे.

अडवणारे चार प्रकारचे असतात.

पहिला, उघडी ट्रान्झॅक्शन्स. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये बॅकएंड_एक्समिन (कनेक्शनला अजून लागू शकणारं सर्वांत जुनं ट्रान्झॅक्शन) आणि बॅकएंड_एक्सआयडी (त्याच्या स्वतःच्या ट्रान्झॅक्शनचा क्रमांक) या दोन्ही कॉलमांचं वय एज() फंक्शनने काढा आणि जास्तीत जास्त वयानुसार लावा. फक्त एक्समिन बघून चालत नाही. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अवस्थेतलं कनेक्शन दोन क्वेऱ्यांच्या मध्ये असताना त्याचं एक्समिन रिकामं असू शकतं; पण त्याने आधी एक जरी अपडेट केलं असेल तर त्याचा एक्सआयडी तिथे असतो, आणि तेवढ्यावर सगळं अडतं. नेहमीचा नमुना असा: अ‍ॅप्लिकेशन ट्रान्झॅक्शन उघडतं, एक रो अपडेट करतं, मग कमिट करण्याआधी पेमेंट गेटवे किंवा एसएमएसच्या एपीआयची वाट बघत बसतं. गेटवेकडून उत्तर आलं नाही आणि कोडमध्ये टाइमआउट नसला, तर ते कनेक्शन सकाळपर्यंत तसंच. ताबडतोबीचा उपाय पीजी_टर्मिनेट_बॅकएंड. कायमचा उपाय म्हणजे आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट. अ‍ॅप्लिकेशनच्या युझरवर तो १ ते ५ मिनिटं ठेवा, सगळ्या सर्व्हरवर सरसकट लावू नका. आवृत्ती १७ पासून ट्रान्झॅक्शन_टाइमआउटही आहे, तो चालू क्वेरीसकट पूर्ण ट्रान्झॅक्शनवर मर्यादा घालतो. आणि बाहेरच्या सेवेला केलेला कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा. ही दुरुस्ती डेव्हलपरने करायची आहे, डीबीएच्या हातात फक्त टाइमआउट आहे.

डेटाबेसची प्रत काढणारा पीजी_डंपही याच यादीत येतो. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच स्नॅपशॉट (डेटाची एका क्षणाची स्थिती) धरून ठेवतो. १ टीबीच्या डेटाबेसचा रात्रीचा डंप सहा तास चालला, तर सहा तास एकही नवी मेलेली रो निघत नाही. मोठ्या डेटाबेसला रोजच्या बॅकअपसाठी पीजी_बेसबॅकअप किंवा पीजीबॅकरेस्ट वापरावं. डंप लागणारच असेल तर डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये -जे पर्यायाने समांतर घ्या, म्हणजे वेळ कमी लागतो.

दुसरा, रेप्लिका. हॉट_स्टँडबाय_फीडबॅक (रेप्लिका काय वाचतोय ते मुख्य सर्व्हरला कळवणारी सेटिंग) चालू असेल तर रेप्लिकावर चाललेला तीन तासांचा रिपोर्ट मुख्य सर्व्हरवरचा व्हॅक्यूम अडवतो. मुख्य सर्व्हरवर पीजी_स्टॅट_रेप्लिकेशनमधल्या बॅकएंड_एक्समिनमध्ये तो दिसतो. स्लॉट वापरत असाल तर स्लॉटच्या एक्समिन कॉलममध्ये दिसेल. रिपोर्टिंगसाठी वेगळा रेप्लिका ठेवून तिथे फीडबॅक बंद करा आणि मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले मूळ ३० सेकंदांवरून रिपोर्टाच्या वेळेइतका वाढवा. तो रेप्लिका थोडा मागे राहील. रिपोर्टाला ते चालतं. फेलओव्हरसाठीचा (मुख्य सर्व्हर पडला तर त्याची जागा घेणारा) रेप्लिका मात्र वेगळा हवा.

तिसरा, बेवारस स्लॉट. फिजिकल स्लॉटचं एक्समिन अडकलं तर सगळी टेबलं फुगतात. लॉजिकल स्लॉट कॅटलॉग_एक्समिन धरतो, त्याने तुमची टेबलं नाही तर पीजी_अ‍ॅट्रिब्यूट, पीजी_क्लास अशी सिस्टिम टेबलं फुगतात, आणि वॉल साचतं ते वेगळंच. मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ (आवृत्ती १३ पासून) मूळ -१ म्हणजे अमर्याद असतं. त्याला डिस्कच्या मानाने आकडा द्या. मर्यादा ओलांडली की स्लॉट बाद होतो, रेप्लिका नव्याने बांधावा लागतो. मुख्य सर्व्हर बंद पडण्यापेक्षा ते परवडतं. आवृत्ती १८ मध्ये आयडल_रेप्लिकेशन_स्लॉट_टाइमआउट आलं आहे.

चौथा, प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन. पीजी_प्रिपेअर्ड_एक्सॅक्ट्स बघा. टू-फेज कमिट (आधी तयारी, मग कमिट) वापरणाऱ्या जावा सिस्टिममध्ये ट्रान्झॅक्शन मॅनेजर मध्येच मेला की असं अनाथ ट्रान्झॅक्शन उरतं. सर्व्हर रीस्टार्ट केला तरी ते जात नाही, आणि पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये दिसतही नाही. रोलबॅक प्रिपेअर्डने काढावं लागतं. टू-फेज वापरत नसाल तर मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स मूळ ० वरच असू द्या.

ऑटोव्हॅक्यूम उशिरा सुरू होतो

चारही बाजू साफ आहेत, ‘नॉट येट रिमूव्हेबल’ शून्याजवळ आहे, तरी टेबल फुगतं? मग आता सेटिंगकडे या.

ऑटोव्हॅक्यूम टेबलकडे वळतो तो डेड टपल ‘५० अधिक एकूण रोंच्या २० टक्के’ झाले की. ५ कोटी रोंच्या टेबलमध्ये याचा अर्थ १ कोटी डेड टपल साचेपर्यंत तो येणारच नाही. मोठ्या टेबलला हा हिशेब गैरसोयीचा आहे. आवृत्ती १८ मध्ये ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_मॅक्स_थ्रेशोल्ड आलं, पण त्याचा मूळ आकडा १० कोटी आहे, म्हणजे मध्यम टेबलांना त्याचा फायदा नाही. उपाय टेबलनिहाय करा:

आल्टर टेबल ऑर्डर्स सेट (ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_स्केल_फॅक्टर = ०.०१, ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_थ्रेशोल्ड = १०००);

आता तो साधारण ५ लाखांवर येईल. कामांची रांग ठेवणारं छोटं पण सतत हलणारं टेबल असेल (पाच हजार रो, दिवसाला लाखो अपडेट), तर स्केल फॅक्टर ० आणि थ्रेशोल्ड १००० ठेवा.

दुसरी अडचण वेगाची. ऑटोव्हॅक्यूम मुद्दाम थांबत थांबत चालतो: खर्चाचे २०० गुण जमले की २ मिलिसेकंद विश्रांती. बदललेल्या पेजला २० गुण, म्हणजे एका फेरीत १० पेजेस, ८० केबी. सेकंदाला जास्तीत जास्त ४० एमबी. आवृत्ती ११ पर्यंत विश्रांती २० मिलिसेकंद होती, म्हणजे फक्त ४ एमबी. जुन्या सर्व्हरची कॉन्फिग फाइल जशीच्या तशी नव्या आवृत्तीत आणली असेल तर हा २० चा आकडा त्यात दडलेला असतो, तेवढं तपासा. शिवाय ही २०० ची मर्यादा सगळ्या वर्करांमध्ये वाटली जाते. म्हणून ऑटोव्हॅक्यूम_मॅक्स_वर्कर्स ३ वरून ६ केले आणि मर्यादा तशीच ठेवली, तर सगळे वर्कर व्यस्त असताना प्रत्येकाचा वेग निम्मा होतो. आधी व्हॅक्यूम_कॉस्ट_लिमिट वाढवा. एसएसडीवर १,००० ते २,००० सहज झेपतं. टेबलवरच कॉस्ट लिमिट घातलं तर त्या टेबलवर काम करणारा वर्कर या वाटणीतून वगळला जातो, त्याला पूर्ण वेग मिळतो.

तिसरी गोष्ट मेमरी. आवृत्ती १६ पर्यंत व्हॅक्यूम प्रत्येक डेड टपलसाठी ६ बाइट धरतो. मेंटेनन्स_वर्क_मेम मूळ ६४ एमबी असताना एका वेळी सुमारे १ कोटी १० लाख पत्ते मावतात. त्याहून जास्त असतील तर सगळे इंडेक्स पहिल्यापासून पुन्हा वाचावे लागतात. पीजी_स्टॅट_प्रोग्रेस_व्हॅक्यूममध्ये इंडेक्स_व्हॅक्यूम_काउंट १ च्या वर गेलेला दिसला की ऑटोव्हॅक्यूम_वर्क_मेम ५१२ एमबी किंवा १ जीबी करा. वर्कर तीन असतील तर तिप्पट मेमरी धरून चला. आवृत्ती १७ मध्ये पत्ते साठवायची रचनाच बदलली, तिथे ही अडचण क्वचित येते.

लॉगमध्ये ‘कॅन्सलिंग ऑटोव्हॅक्यूम टास्क’ वारंवार दिसतंय? ऑटोव्हॅक्यूम कुणाच्या लॉकच्या आड आला की स्वतः बाजूला होतो. दर काही मिनिटांनी लॉक टेबल किंवा आल्टर टेबल करणारा एखादा जॉब असेल, तर मोठ्या टेबलचा व्हॅक्यूम कधीच पूर्ण होत नाही. तो जॉब शोधून त्याची वेळ बदला. लॉग_ऑटोव्हॅक्यूम_मिन_ड्युरेशन ० ठेवलं तर प्रत्येक फेरीचा पूर्ण हिशेब लॉगमध्ये येतो. आवृत्ती १५ पासून ते मूळ १० मिनिटांवर असतं, त्याआधी बंदच असायचं.

आणि सर्व्हर क्रॅश झाला किंवा इमिजिएट पद्धतीने बंद केला, तर डेड टपलची साठवलेली मोजणी पुसली जाते. डेड टपल असतात तिथेच, ऑटोव्हॅक्यूमला मात्र टेबल स्वच्छ वाटतं. क्रॅशनंतर मोठ्या टेबलांवर हाताने एकदा व्हॅक्यूम अ‍ॅनालाइझ चालवा.

अपडेट स्वस्त करा

इथे मात्र टेबलची मांडणीच सुधारता येते, आणि आमच्या मते हा भाग सगळ्यात दुर्लक्षित आहे. अपडेटमध्ये इंडेक्स असलेला एकही कॉलम बदलला नाही आणि त्याच पेजमध्ये जागा असली, तर पोस्टग्रेस ‘हॉट’ अपडेट करतं: इंडेक्सात नवी नोंद होत नाही, आणि जुनी प्रत व्हॅक्यूमची वाट न बघता पुढच्या वाचनाच्या वेळीच साफ होऊ शकते. दोन्ही अटी लागतात.

पीजी_स्टॅट_यूझर_टेबल्समध्ये एन_टप_हॉट_अपडचा एन_टप_अपडशी भागाकार करा. ऑर्डर्सच्या टेबलवर हे प्रमाण ३-४ टक्के निघालं, तर इंडेक्सांची यादी बघा. फार वेळा अपडेटेड_अ‍ॅट कॉलमवर इंडेक्स सापडतो. हा कॉलम प्रत्येक अपडेटमध्ये बदलतो, त्यामुळे एकही अपडेट हॉट होत नाही, आणि टेबलवर सात इंडेक्स असतील तर एक फ्लॅग बदलायला सातही इंडेक्सांत नवी नोंद पडते. तो इंडेक्स खरोखर कोण वापरतं ते पीजी_स्टॅट_यूझर_इंडेक्सेसमधल्या आयडीएक्स_स्कॅनने ठरवा. ही मोजणी प्रत्येक सर्व्हरची वेगळी असते, म्हणून रेप्लिकावरही बघा. फक्त रात्रीच्या एखाद्या सिंक जॉबसाठी तो असेल तर काढून टाका. आवृत्ती १६ पासून त्या जागी ब्रिन इंडेक्स (पेजांच्या गटामागे फक्त किमान-कमाल ठेवणारा) चालतो, कारण ब्रिनचा कॉलम बदलला तरी हॉट अपडेट होऊ शकतं. पण रो टेबलमध्ये त्या कॉलमच्या क्रमाने पडलेल्या नसतील तर ब्रिन शोधात फारसा कामाचा नाही, हे आधी तपासून घ्या.

दुसऱ्या अटीसाठी फिलफॅक्टर. टेबलचा मूळ आकडा १००, म्हणजे पेज काठोकाठ भरतं आणि पहिल्याच अपडेटला नवी प्रत दुसऱ्या पेजमध्ये जाते. ८५ किंवा ९० केलं की ८ केबीच्या प्रत्येक पेजमध्ये थोडी जागा राखली जाते. बदल फक्त पुढे भरल्या जाणाऱ्या पेजना लागू होतो. जुन्या पेजसाठी टेबल पुन्हा लिहावं लागतं, म्हणून फिलफॅक्टर आकसवण्याच्या आधी ठरवून ठेवा. ७० च्या खाली सहसा जाऊ नका. वाचन महाग होतं. आवृत्ती १६ पासून एन_टप_न्यूपेज_अपड हा आकडा मिळतो, किती अपडेट दुसऱ्या पेजमध्ये गेले ते तो सांगतो.

जेसनचे मोठे कॉलम असतील तर टोस्टकडे वळा. साधारण २ केबीच्या वर गेलेल्या रोमधले मोठे मजकूर दाबून, तुकडे करून टोस्ट टेबलमध्ये जातात. २०० केबीच्या जेसनबीमधला एक काउंटर बदलला तरी पूर्ण जेसन नव्याने लिहिला जातो. तो काउंटर साध्या कॉलममध्ये काढला, तर जेसनला हात न लावता अपडेट होतं, कारण न बदललेला टोस्ट कॉलम पुन्हा लिहिला जात नाही. टोस्ट टेबलांचे आकडे पीजी_स्टॅट_यूझर_टेबल्समध्ये येत नाहीत. पीजी_स्टॅट_ऑल_टेबल्समध्ये पीजी_टोस्ट स्कीमाखाली शोधा. त्यांच्यासाठी वेगळा स्केल फॅक्टर देता येतो, नावाआधी ‘टोस्ट.’ लावून.

आवृत्ती १४ पासून टोस्टसाठी एलझेड४ कॉम्प्रेशन आहे, बांधणीच्या वेळी ते समाविष्ट केलेलं असेल तर. जुन्या पीजीएलझेडपेक्षा ते बरंच वेगवान आहे, जागेची बचत मात्र जवळपास तेवढीच. डीफॉल्ट_टोस्ट_कॉम्प्रेशन बदललं की फक्त नवे मजकूर एलझेड४ ने दाबले जातात. जुने बदलायला डंप घेऊन पुन्हा भरावं लागतं. व्हॅक्यूम फुलवर विसंबू नका. पीजी_कॉलम_कॉम्प्रेशन फंक्शन प्रत्येक मजकुराची पद्धत सांगतं.

आता एकदाच आकसवा

फक्त इंडेक्स फुगले असतील तर रीइंडेक्स कॉन्करंटली पुरतं (आवृत्ती १२ पासून). मध्येच अयशस्वी झालं तर नावाच्या शेवटी ‘_सीसीन्यू’ असलेला अवैध इंडेक्स उरतो. तो ड्रॉप करून पुन्हा चालवा. तसाच ठेवला तर प्रत्येक लिखाणाला त्याचाही खर्च पडत राहतो.

टेबलसाठी, डाउनटाइम मिळत असेल तर व्हॅक्यूम फुल ठीक आहे. मिळत नसेल तर टेबल वापरात असतानाच ते नव्याने लिहिणारं पीजी_रीपॅक हे एक्स्टेंशन. टेबलला प्रायमरी की किंवा नॉट नल कॉलमांवरचा युनिक इंडेक्स लागतो, टेबल आणि इंडेक्स यांच्या एकूण आकाराच्या सुमारे दुप्पट मोकळी जागा लागते, आणि क्लायंटची व एक्स्टेंशनची आवृत्ती एकच असावी लागते. शेवटच्या अदलाबदलीला पूर्ण लॉक हवा असतो. तो ६० सेकंदांत मिळाला नाही तर पीजी_रीपॅक आडव्या येणाऱ्या क्वेऱ्या रद्द करतो, मग कनेक्शनही तोडतो. हे नको असेल तर नो-किल-बॅकएंड पर्याय द्या. पूर्ण नवं टेबल वॉलमध्येही जातं, त्यामुळे पीजी_वॉलच्या डिस्कवर तेवढी जागा ठेवा आणि रेप्लिका मागे पडतोय का बघत राहा. कॉपी चालू असताना तो स्वतःच एक लांब ट्रान्झॅक्शन असतो, म्हणून गर्दीच्या वेळी नको.

जुना डेटा दर महिन्याला डिलीट करून फुगवटा येत असेल तर यातलं काहीच करू नका, टेबल महिन्याप्रमाणे पार्टिशन करा. पार्टिशन डिटॅच करून ड्रॉप केलं की फाइल लगेच जाते, एकही डेड टपल मागे राहत नाही.

मारियाडीबी आणि मायएसक्यूएल वापरणाऱ्यांसाठी

इनोडीबी (या दोन्ही डेटाबेसांचं नेहमीचं स्टोरेज इंजिन) जुन्या प्रती टेबलमध्ये न ठेवता अनडू लॉगमध्ये ठेवतं, म्हणून तिथे टेबलऐवजी अनडू फुगतो. मूळ कारण तेच, उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन. शो इंजिन इनोडीबी स्टेटसमध्ये हिस्टरी लिस्ट लेंथ लाखांवर जाऊन वाढतच असेल, तर इन्फर्मेशन_स्कीमामधल्या इनोडीबी_टीआरएक्सवरून सगळ्यात जुनं ट्रान्झॅक्शन शोधा. अनडू मुख्य आयबीडेटा१ फाइलमध्येच असेल तर ती फाइल एकदा वाढली की सहसा लहान करता येत नाही, डंप घेऊन नव्याने भरावं लागतं. अनडूसाठी वेगळ्या टेबलस्पेस ठेवा आणि इनोडीबी_अनडू_लॉग_ट्रंकेट चालू ठेवा.

अलार्म कशावर लावायचे

डिस्क ८० टक्के झाल्याचा अलार्म सगळेच लावतात, पण तो वाजेपर्यंत फुगवटा होऊन गेलेला असतो. त्याच्या आधी वाजायला हवेत ते हे: सर्वांत जुन्या एक्समिन किंवा एक्सआयडीचं वय, आणि १५ मिनिटांपेक्षा जुनं कुठलंही ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’, प्रत्येक स्लॉटमागे अडकलेलं वॉल, जे पीजी_वॉल_एलएसएन_डिफने बाइटमध्ये मिळतं, पीजी_प्रिपेअर्ड_एक्सॅक्ट्समधली १० मिनिटांहून जुनी नोंद, आणि मोठ्या दहा टेबलांचं डेड टपलचं प्रमाण. सुधारणा केल्यावर पहिले दोन आठवडे टेबलचा आकार रोज एका वेळेला नोंदवा. पहिल्या काही दिवसांत तो थोडा वाढून एका पातळीवर थांबायला हवा. दुसऱ्या आठवड्यातही चढताच असेल तर व्हॅक्यूम व्हर्बोसच्या त्या टपल्सच्या ओळीवर परत या, अडवणारा अजून एक जण शिल्लक आहे.